मालाची बांधणी : चांदा-गडचिरोलीच्या रस्त्यांवरील एक अनुत्तरित प्रश्न

26 ऑगस्ट 1982 रोजी जुन्या चांदा जिल्ह्याचे विभाजन होऊन चंद्रपूर आणि गडचिरोली असे दोन जिल्हे अस्तित्वात आले, तेव्हा जंगलांची, नद्यांची आणि खनिजांची वाटणी नकाशावर झाली. परंतु त्या जंगलांतून व खाणींतून निघणाऱ्या मालाची वाट पूर्वीप्रमाणे सामाईकच राहिली. आलापल्लीच्या वनातील सागाचे लठ्ठे, धानोऱ्याकडील बांबू, उन्हाळ्याच्या अखेरीस गावोगावच्या फळ्यांवरून, म्हणजे संकलनाच्या जागांवरून, उचलला जाणारा तेंदूपत्ता, सास्ती, घुग्घुस, दुर्गापूर, पद्मापूर येथील कोळसा, आवारपूर, गडचांदूर आणि उपरवाही येथील सिमेंट, आणि गेल्या दशकापासून एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या डोंगरांतून उतरू लागलेले लोहखनिज, हा सारा माल कधी ना कधी ट्रकच्या हौद्यात पडतो आणि त्याच रस्त्यांवर येतो, ज्यांवरून शाळेची मुले सायकलीने जातात आणि बाजाराची माणसे पायी चालतात. या मालाचे माप घेतले जाते, वजन होते, त्यावर स्वामित्वधन आकारले जाते, त्याचा दस्तऐवज तयार होतो आणि नाक्यावर तो तपासला जातो. मात्र हा माल गाडीला नीट बांधला गेला आहे किंवा नाही, हे पाहण्याचा जिम्मा नेमका कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर इतक्या दप्तरांपैकी एकाही दप्तरात स्पष्टपणे लिहिलेले सापडत नाही.

असे का झाले, हे समजून घ्यावयाचे तर वनमालाच्या वाहतुकीचा पूर्वेतिहास थोडा पाहावा लागतो. ट्रक येण्यापूर्वी या मुलखातले लाकूड बैलगाड्यांनी जंगलाबाहेर येत असे. प्राणहिता आणि गोदावरी यांच्या प्रवाहातून ते खाली सोडण्याचीही वहिवाट होती. आणि वर्ध्याकडून आलेला लोहमार्ग बल्लारशापर्यंत व पुढे 1929 च्या सुमारास काझीपेठपर्यंत जोडला गेल्यावर बल्लारशा (म्हणजेच बल्लारपूर) हे सागवानाचे मोठे आगार बनले. या प्रत्येक टप्प्यावर सरकारची चिंता एकच होती, ती म्हणजे सरकारी लाकूड चोरीस जाऊ नये आणि महसूल बुडू नये. 1927 च्या भारतीय वन अधिनियमाचे 41 वे कलम वनोपजाच्या वाहतुकीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार शासनाला देते; त्यातूनच वाहतूक परवाना, लठ्ठ्यावरील हातोड्याची निशाणी, ठरवून दिलेला मार्ग आणि वननाका ही सारी व्यवस्था उभी राहिली. आपल्या हेतूपुरती ती व्यवस्था काटेकोर आहे, आणि तिच्या काटेकोरपणाचा मला आदर वाटतो. लठ्ठ्याचा क्रमांक, त्याची लांबी, त्याचा घेर, त्याची प्रत, तो कोणत्या कूपातून, म्हणजे तोडीच्या पट्ट्यातून, निघाला आणि कोठे जाणार, हे सर्व तिला ठाऊक असते. तो लठ्ठा ज्या दोराने आवळला आहे तो दोर किती जुना आहे, हे मात्र तिने विचारावे असे ती घडविणाऱ्यांना वाटले नाही. कारण नदीच्या पात्रात किंवा बैलांच्या चालीवर जाणारे लाकूड कोणाचा जीव घेईल, ही धास्ती त्या काळी बाळगण्याचे कारण नव्हते.

मोटार वाहनांचा कायदा दुसऱ्या दिशेने आला. 1988 च्या मोटार वाहन अधिनियमाच्या 113 व्या कलमाने वजनाच्या मर्यादा घातल्या, 114 व्या कलमाने गाडी वजनकाट्यावर नेण्याचा अधिकार दिला, आणि 2019 च्या दुरुस्तीने 194 व्या कलमाखालील दंड इतका वाढविला की मर्यादेपेक्षा अधिक वजनास 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनास 2,000 रुपये भरावे लागतात. हौद्याच्या बाजूने, पुढे, मागे किंवा उंचीत मर्यादेबाहेर माल काढल्यासही तितकाच, म्हणजे 20,000 रुपयांचा दंड त्याच दुरुस्तीने ठेवला. त्यापूर्वी 2005 साली परमजित भसीन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्वाळा दिला होता की, दंड भरला म्हणजे जादा भार घेऊन पुढे जाण्याची मुभा मिळाली असे होत नाही. जादा माल उतरविला गेलाच पाहिजे. 2018 च्या जुलै महिन्यात केंद्र शासनाने आसभाराच्या मर्यादा वाढविल्या, आणि पूर्वी 16.2 टनांवर थांबणाऱ्या दोन आसांच्या गाडीला 18.5 टनांपर्यंत एकूण वजन घेण्याची परवानगी मिळाली. ही सगळी तरतूद वजनाची आणि लांबी-रुंदीची आहे. मालाच्या भरणीविषयी आपल्या रस्ता-नियमांत जे आहे ते इतकेच की, कोणास धोका पोहोचेल अशा रीतीने भरलेली गाडी सार्वजनिक जागी चालवू नये. तत्त्व निर्दोष आहे. परंतु किती दोर, किती ताकदीचे, कोठे आणि किती ताणून, याविषयी ते काहीच बोलत नाही, आणि ज्या नियमाला आकडा नाही तो नियम रस्त्यावर उभ्या असलेल्या शिपायाच्या हाती केवळ अंदाजाचे साधन होऊन राहतो.

हा आकडा कोठून येतो, हे एकदा नीट पाहणे जरूर आहे, कारण बांधणीविषयीचे बहुतेक गैरसमज येथेच उगम पावतात. माल जड आहे म्हणून तो जागचा हलणार नाही, हा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः चालक जोराने ब्रेक दाबतो तेव्हा गाडी थांबते, माल मात्र आपल्या पूर्वीच्या वेगाने पुढे जाऊ पाहतो, आणि त्याला थोपविण्यास लागणारे बळ त्याच्या वजनाच्याच प्रमाणात वाढते. अमेरिकेच्या आणि युरोपच्या नियमांनी, अनेक चाचण्यांनंतर, असे गृहीत धरले आहे की पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या आठ-दशांश इतके आणि बाजूंना व मागे पाच-दशांश इतके बळ सहन होईल अशी बांधणी असावी. आता दहा टनांचा लाकडाचा भार घ्या. पुढच्या दिशेने आठ टनांचे बळ आवरावयाचे आहे. लाकूड आणि हौद्याची फळी यांमधील घर्षणांक 0.4 धरला तर चार टन नुसत्या घर्षणानेच आवरले जातात. उरलेल्या चार टनांचे काय? वरून टाकलेला दोर मालाला खाली दाबतो आणि घर्षण वाढवितो, याहून अधिक काही तो करीत नाही. माणसाने हाताने ओढून बांधलेल्या दोरात शंभर किलोंचा ताण आला असे समजले, तर दोन्ही बाजू मिळून दोनशे किलोंचा दाब पडेल आणि त्यातून सुमारे ऐंशी किलोंचाच रोध निर्माण होईल. असे दहा दोर टाकले तरी एक टनही भरत नाही. याचा अर्थ दोर निरुपयोगी आहे असा नव्हे. माल उसळू नये, वरचा थर निसटू नये, यासाठी तो हवाच. परंतु पुढचे बळ आवरावयाचे तर माल हौद्याच्या समोरच्या भिंतीला फट न ठेवता टेकलेला असला पाहिजे, ती भिंत तितकी मजबूत असली पाहिजे, आणि बाजूंचे बळ आवरावयाचे तर लोखंडी खुंटे उभे असले पाहिजेत. भिंत आणि माल यांत हातभर अंतर राहिले तर तेवढ्या अंतरात माल वेग घेतो आणि मग जो आघात होतो त्यापुढे चालकाच्या पाठीमागचा पत्रा टिकत नाही.

सागाच्या लठ्ठ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी वनखात्याच्या मोजमापाशी निगडित असूनही क्वचितच बोलली जाते. गोल लाकडाचे घनफळ काढण्याची आपल्याकडील जुनी रीत म्हणजे घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करावयाचा आणि त्याला लांबीने गुणावयाचे. दीड मीटर घेराचा आणि तीन मीटर लांबीचा लठ्ठा या रीतीने सुमारे 0.42 घनमीटर भरतो. परंतु वर्तुळाच्या खऱ्या क्षेत्रफळाने हिशेब केला तर तोच लठ्ठा जवळजवळ 0.54 घनमीटर होतो. म्हणजे कागदावरचे घनफळ प्रत्यक्षाच्या साडेअठ्ठ्याहत्तर टक्के एवढेच असते. चिराईत जे लाकूड वाया जाते त्याची सूट खरेदीदाराला मिळावी, हा या रीतीचा हेतू न्याय्य आहे. परंतु परवान्यावरील घनमीटर पाहून गाडीच्या वजनाचा अदमास बांधणारा माणूस प्रत्येक खेपेस एक-चतुर्थांशाहून अधिक चुकतो, आणि लाकूड ओले असेल तर त्याहूनही अधिक. आगाराजवळ वजनकाटा नसेल तेथे हीच चूक दोराच्या आणि खुंट्यांच्या निवडीत उतरते. 2023 च्या मार्च महिन्यात अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान रवाना झाले तेव्हा त्या गाड्यांना फुलांच्या माळा होत्या आणि त्या पाहावयास हजारो माणसे लोटली होती. त्या सागवानाच्या प्रतिष्ठेविषयी या मुलखाला अभिमान वाटतो, तो उचितच आहे. तेच लाकूड दररोज, माळांवाचून, सामान्य गाड्यांतून जाते तेव्हाही त्याच्या बांधणीला तितकेच लक्ष मिळावे, अशी अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

लठ्ठ्यांची रचना करताना जाड लठ्ठे खाली व बारीक वर, बुंधे आणि शेंडे आलटून-पालटून, आणि वरच्या थरातील कोणताही लठ्ठा खुंट्याच्या माथ्यावर निम्म्याहून अधिक येणार नाही अशा बेताने ठेवावयाचे असतात. सालीसकट असलेला लठ्ठा प्रथम घट्ट बसल्यासारखा वाटतो, परंतु प्रवासात साल सुटते, फटी मिटतात, सगळा ढीग खाली बसतो आणि जो दोर निघताना ताठ होता तो काही कोसांवर सैल पडतो. नायलॉनचा दोर तर स्वतःच ताणला जातो. म्हणून लाकडासाठी साखळी आणि तिला आवळणारी कळ, किंवा दात्यांच्या कळीने आवळला जाणारा रुंद पट्टा, ही साधने जगभर पसंत केली गेली. त्या पट्ट्याने तीनशे किलोंच्या आसपास ताण सहज देता येतो, आणि सैल पडला तर एका माणसाला दोन मिनिटांत पुन्हा आवळता येतो. आपल्याकडे अजून दोराचाच भर आहे, कारण दोर स्वस्त आहे, सर्वांना गाठ मारता येते, आणि तो तुटला तर दुसरा कोठेही मिळतो.

बांबूची गोष्ट वेगळी. 1945 साली स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कागद कारखान्यामुळे या जंगलांतील बांबूला ट्रकची वाट फार पूर्वी मिळाली. बांबूचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि चिवट असतो. पाऊस लागला की त्याचे घर्षण आणखी घटते. आणि वाळताना तो आक्रसतो, त्यामुळे बंडलाचा बंद आपोआप ढिला होतो. बंडलातून सुटलेला एक बांबू भाल्यासारखा मागे सरकतो आणि अंधारात मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला तो दिसण्याच्या आत लागतो. गाडीबाहेर आलेल्या सळ्यांनी आणि तत्सम मालाने देशभर इतके बळी घेतले की 2014 साली केंद्र शासनाने हौद्याबाहेर माल काढण्याची पूर्वीची सवलतच नियमांतून काढून टाकली. परंतु लांब बांबू लहान गाडीत भरण्याचा मोह अद्याप गेलेला नाही. टोकाला लाल फडके बांधले की आपले कर्तव्य संपले, हा समज अजूनही घट्ट आहे. तेंदूपत्त्याच्या बोऱ्यांत वजन थोडे आणि आकार मोठा. त्यामुळे तेथे आसभाराचा प्रश्न येत नाही, परंतु उंची वाढत जाते, गुरुत्वमध्य वर चढतो, आणि रपट्यावर किंवा रस्त्याच्या खचलेल्या कडेवर गाडी एका अंगाला कलली की ती सावरत नाही. सुकलेला पाला विजेच्या लोंबत्या तारांना लागून पेटण्याचे भय वेगळेच.

खनिजांच्या गाड्यांत दोर नसतो, म्हणून बांधणीचा प्रश्न तेथे नाही असे मानले जाते. वस्तुतः तेथे ताडपत्री हीच बांधणी आहे. हौद्याच्या काठावर शिगेला भरलेला कोळसा प्रत्येक खड्ड्यागणिक रस्त्यावर सांडतो, त्याचे खडे चाकांखाली उडतात आणि भुकटी हवेत जाते. 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने केलेल्या पाहणीत चंद्रपूरचा निर्देशांक 83.88 भरला आणि ते देशातील अत्यंत प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत अग्रभागी गणले गेले. त्या प्रदूषणाची कारणे अनेक असली तरी उघड्या गाड्यांचा वाटा चंद्रपूर-घुग्घुस रस्त्यावर राहणाऱ्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. लोहखनिज कोळशाच्या मानाने कितीतरी घन असते. त्याने हौदा अर्धाही भरत नाही तोच वजनाची मर्यादा गाठली जाते, आणि डोळ्यांना रिकामी वाटणारी गाडी प्रत्यक्षात जादा भाराची असू शकते. शिवाय त्याची बारीक भुकटी पावसाळ्यात पाणी धरते आणि हादऱ्यांनी पातळ चिखलासारखी वाहू लागते. 2009 साली मंगळूर आणि पारादीप बंदरांबाहेर ‘एशियन फॉरेस्ट’ आणि ‘ब्लॅक रोझ’ ही दोन जहाजे अशाच लोहखनिजाच्या भुकटीसह बुडाली, तेव्हा साऱ्या जगातील नौकानयन संस्थांनी ओलाव्याच्या मर्यादेकडे पुन्हा लक्ष वेधले. रस्त्यावर तसा अनर्थ होत नसला तरी वळणावर एका बाजूला सरकलेला ओला ढीग गाडी कलंडविण्यास पुरेसा असतो. 2025 साली सूरजागडजवळील हेडरीपासून कोनसरीपर्यंत सुमारे 85 किलोमीटर लांबीची खनिजवाहिनी सुरू झाली. तिच्यामुळे एटापल्ली-आलापल्ली-आष्टी मार्गावरील गाड्या जितक्या कमी होतील तितके त्या वाटेवरच्या गावांचे भले होईल. सिमेंटविषयी फार सांगण्यासारखे नाही: पन्नास किलोंची गोणी, एकमेकांत गुंतविलेले थर आणि वर ताडपत्री, एवढ्यावर ते सहसा निभावते. घुग्घुसला तयार होणाऱ्या स्पंज लोखंडावरची ताडपत्री मात्र पाणी लागू नये म्हणून असते, कारण ते भिजले की तापते.

आता माणसांकडे वळू. गाडी भरणारा हमाल बहुधा नगावर किंवा खेपेवर मजुरी घेतो. जितक्या लवकर गाडी भरेल तितकी त्या दिवसाची कमाई. नीट बांधण्यात गेलेला अर्धा तास त्याच्या मजुरीत कोठेही मोजला जात नाही. माल उतरविण्यासाठी हमालांना त्याच गाडीतून नेण्याची रीत आहे, आणि केबिनमध्ये जागा नसली की ते मालावर बसतात. 19 मे 2022 च्या रात्री चंद्रपूर-मूल मार्गावर अजयपूरजवळ लाकडाचा ट्रक आणि इंधनाचा टँकर यांची टक्कर होऊन आग लागली आणि नऊ माणसे जळून मेली. त्या अपघाताचे खापर मी मालाच्या बांधणीवर फोडीत नाही. तसे म्हणण्यास आधार नाही. परंतु लाकडाच्या गाडीबरोबर एवढी माणसे जिवाचा धोका पत्करून प्रवास का करतात, हा प्रश्न त्या नऊ चितांपुढे उभे राहून प्रत्येक आगाराने स्वतःला विचारावयास हवा होता.

चालकाची अडचण आणखी निराळी. बांधणी वाटेत तपासावी असे शास्त्र सांगते. परंतु ज्या मुलखात 2016 च्या डिसेंबरात सूरजागड परिसरात नक्षलवाद्यांनी सत्तरांहून अधिक वाहने एका दिवसात जाळली, तेथील रस्त्यावर निर्जन ठिकाणी गाडी उभी करणे चालकाला नको असते. चंद्रपूरच्या बाजूस भय वाघाचे, आणि ते काल्पनिक नव्हे. दिवस मावळण्यापूर्वी जंगल पार करावयाचे या घाईने तो निघतो. दोर सैल झाला आहे हे आरशात दिसले तरी पुढचे गाव येईपर्यंत तो थांबत नाही. त्याला बेजबाबदार म्हणणे सोपे आहे, पण त्याच्या जागी आपण असतो तर आपणही असेच केले असते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

इतर देशांनी हा प्रश्न कसा सोडविला हे पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. उत्तर अमेरिकेत 2004 च्या जानेवारीपासून लागू झालेल्या नियमांत लठ्ठे, लोखंडी गुंडाळ्या, कागदाची रिळे, यंत्रे अशा एकेका मालासाठी वेगळी प्रकरणे आहेत. बंधनांची एकत्रित भारक्षमता मालाच्या वजनाच्या निम्म्याहून कमी नसावी असे तेथे आकड्यात लिहिले आहे. आणि चालकाने पहिल्या पन्नास मैलांच्या आत थांबून बांधणी पाहिलीच पाहिजे, असेही लिहिले आहे. स्वीडन-फिनलंडच्या लाकडाच्या गाड्यांना पोलादी खुंटे कायमचे जोडलेले असतात. या गोष्टी श्रीमंतीच्या आहेत असे म्हणून बाजूला सारता येतील. परंतु त्यांतील आकड्याला पैका लागत नाही, आणि थांबण्यालाही फारसा लागत नाही.

माझे म्हणणे असे आहे की बांधणीचा जिम्मा रस्त्यावर नव्हे, भरणीच्या जागी निश्चित झाला पाहिजे. 194 व्या कलमाचे शब्द पाहिले तर ते केवळ चालकापुरते मर्यादित नाहीत. गाडी चालवावयास लावणारा आणि चालवू देणाराही त्या कक्षेत येतो. वनविकास महामंडळाचे आगार, कोळशाच्या खाणीचे फाटक, सिमेंटचा कारखाना, ही सर्व ठिकाणे गाडीला आपल्या आवारातून बाहेर जाऊ देतात, आणि जाऊ देण्यापूर्वी वजनाची पावती फाडतात. त्याच पावतीवर बांधणी तपासल्याची एक ओळ असावी, तिच्याखाली आगाराच्या माणसाची सही असावी, आणि दोर, साखळी व खुंटे पुरविणे हे आगाराचे काम ठरावे. हमालाच्या मजुरीत बांधणीचा दर वेगळा लावावा. याला नवा कायदा लागत नाही, खात्याचे एक परिपत्रक पुरेल.

आणि हे करण्याची सुरुवात मोठ्या आगारांनीच करावी असेही नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. एका आदिवासी गावाने आपल्या बांबूचा परवाना आपणच लिहावयाचा, हा त्या दिवशीचा निर्णय वनखात्याच्या इतिहासात अपूर्व होता. त्यानंतर गडचिरोलीतील पुष्कळ ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः करू लागल्या. त्यांच्या परवान्यावर काय छापावयाचे, गाडी कोणी भरावयाची, हमालाला कोणता दर द्यावयाचा, हे सभेत बसून ठरते, आणि गाडी ज्या रस्त्याने जाते तो रस्ता त्यांच्याच मुलांचा आहे. बांधणीची ओळ अशा एखाद्या ग्रामसभेच्या परवान्यावर प्रथम आली, आणि वैनगंगेवरील आष्टीच्या पुलाअलीकडे, गोंडपिपरीच्या बाजूस उतरण्यापूर्वी, उजेडाची आणि वस्तीची एक जागा चालकांना थांबून दोर आवळण्यासाठी नेमून दिली गेली, तर तेवढ्याने या मार्गावरील चालकाला आज न मिळणारी पहिली सुरक्षित थांबण्याची जागा मिळेल. तेथे दिव्याचा, राखणदाराचा आणि पाण्याचा खर्च कोणी उचलावा, याची वाटाघाट वनखाते, परिवहन विभाग आणि खाणमालक यांनी आपसात करावयाची आहे, आणि ती अद्याप सुरू व्हावयाची आहे.